विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : १४ ऑक्टोबर १८९२, पेण, मृत्यू : ५ जुलै १९४५, पुणे) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रक, छायालेखक, कलावंत, दिग्दर्शक आणि निर्माते होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापक भागीदारांपैकी ते एक होत. शेख फत्तेलाल यांच्यासमवेत त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा भारतीय चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ चित्रपटांमध्ये गणला जातो. ‘दामले-फत्तेलाल’ ही जोडी दिग्दर्शक म्हणून सर्वपरिचित असली, तरी मूकपटाकडून बोलपटाकडे जाताना प्रभातच्या ध्वनिविभागाची धुरा दामले यांनी वाहिली, ही त्यांच्या कार्याची कमी परिचित बाजू आहे. चित्रपट कंपनीतील सहकारी त्यांना ‘दामलेमामा’ या नावाने ओळखत.

प्रारंभिक जीवन

दामले यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण येथे झाला. चित्रकलेची आणि हस्तकौशल्याची ओढ त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळी कोल्हापूर हे संगीत, नाट्य, चित्रकला आणि मल्लविद्या यांचे मोठे केंद्र बनले होते. नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविणारे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे दोघे बंधू तेथे प्रसिद्धीस आले होते. रंग, लाकूड, लोखंड आणि यंत्रे या सर्वांत त्यांना सारखाच रस होता. दामले यांनी त्यांच्याकडे उमेदवारी केली. रंगभूमीच्या पडद्यावर महाल, अरण्य, देऊळ उभे करताना अंतर, प्रकाश आणि छाया यांचे जे ज्ञान मिळाले, ते त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडले.

स्वदेशी कॅमेरा आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटानंतर पेंटर बंधूंचे लक्ष चित्रपटाकडे वळले. परदेशी कॅमेरा विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी ते पुढे नेले. या कामात दामले यांचे त्यांना साहाय्य होते.

या अनुभवाचे महत्त्व केवळ एक यंत्र तयार झाले एवढ्यापुरते मर्यादित नाही. विकत आणलेले यंत्र चालविणे आणि यंत्राचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे जाणून तो घडविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दामले यांची जडणघडण दुसऱ्या प्रकारे झाली. चित्रपटतंत्राचे शिक्षण देणारी संस्था त्या काळी देशात नव्हती. कारखाना हीच शाळा होती आणि बिघडलेले यंत्र हेच पाठ्यपुस्तक होते.

बाबूराव पेंटर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर ही पुढे नावारूपास आलेली मंडळी याच कंपनीत तयार झाली. १९२८ मध्ये कंपनीच्या ‘महारथी कर्ण’ या मूकपटाचे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांनी संयुक्तपणे केले.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार होते. ‘गोपालकृष्ण’ (१९२९) हा कंपनीचा पहिला मूकपट. त्यानंतर ‘खूनी खंजर’, ‘रानीसाहेबा’, ‘उदयकाल’, ‘चंद्रसेना’ आणि ‘जुलूम’ असे आणखी पाच मूकपट कंपनीने काढले. तुतारी फुंकणारी स्त्री हे प्रभातचे बोधचिन्ह होते. मूकपटाच्या काळात ही तुतारी केवळ दिसत असे; ती ऐकू येण्याची वेळ लवकरच आली.

बोलपटाचे आगमन

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलमआरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. प्रेक्षकांची अलोट गर्दी उसळली. बोलपट हे थोड्या दिवसांचे नवल आहे, असे चित्रपट व्यवसायातील अनेकांना तोवर वाटत होते. तो समज दूर होण्यास फार काळ लागला नाही. प्रभातसारख्या नव्या कंपनीपुढे जगण्या-मरण्याचा प्रश्न उभा राहिला. मूकपटांना मागणी राहणार नव्हती आणि बोलपटासाठी लागणारी यंत्रे महाग होती. शिवाय ती चालविण्याचा अनुभव कंपनीत कोणालाच नव्हता.

यंत्रांची निवड हा त्या वेळी भारतातील प्रत्येक चित्रपट कंपनीपुढील अवघड प्रश्न होता. त्याला अनेक पदर होते.

पहिला प्रश्न ध्वनी कशावर मुद्रित करावा हा होता. अमेरिकेत आरंभीच्या काही बोलपटांचा आवाज मोठ्या तबकडीवर मुद्रित केलेला असे. तबकडी आणि चित्र यांचा मेळ चुकला की सारेच हास्यास्पद होई. फिल्मच्या कडेलाच प्रकाशाच्या साहाय्याने ध्वनी उमटविण्याची पद्धत अधिक विश्वासार्ह ठरली.

दुसरा प्रश्न कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यंत्र एकत्र असावे की वेगळे, हा होता. ‘आलमआरा’साठी टॅनार या एकत्रित पद्धतीच्या यंत्राचा वापर झाला होता. तीत चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटतात. ही पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत असते. परंतु चित्राला अनुकूल असलेली फिल्मची रासायनिक प्रक्रिया ध्वनीला अनुकूल असतेच असे नाही. संकलनही कठीण होते. दोन स्वतंत्र फिल्मची पद्धत यापेक्षा चांगली, पण अधिक खर्चाची होती.

तिसरा प्रश्न शुद्ध व्यवहाराचा होता. वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्या बड्या परदेशी कंपन्या आपली यंत्रणा भाडेकराराने देत आणि वर स्वामित्वशुल्क घेत. यंत्रे उत्तम होती, पण त्यांची मालकी मिळत नसे. याउलट काही लहान कंपन्या स्वस्तातील यंत्रे एकरकमी किमतीला विकत. ती विकत घेणाऱ्याने स्वतःच्या बुद्धीवर आणि हातांवर विसंबायचे असे. बिघाड झाला तर परदेशातून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते. यंत्राची किंमत आणि यंत्राचे मोल यांतील फरक ठरत होता तो ते वापरणाऱ्या माणसामुळे.

प्रभातने परदेशी ध्वनियंत्रणा आणविली आणि ध्वनिविभाग दामले यांच्याकडे सोपविला. वयाच्या चाळिशीकडे झुकलेल्या या चित्रकाराने नवे शास्त्र पहिल्या धड्यापासून शिकण्यास सुरुवात केली.

तत्कालीन ध्वनियंत्रणेचे स्वरूप

दामले यांच्यापुढील कामाची कल्पना येण्यासाठी त्या काळच्या ध्वनियंत्रणेची रचना समजून घेणे आवश्यक आहे. ती एखाद्या साखळीसारखी असते. आवाज प्रथम ध्वनिग्राहकावर, म्हणजे मायक्रोफोनवर, पडतो. तेथे त्याचे अत्यंत क्षीण विद्युतप्रवाहात रूपांतर होते. हा प्रवाह प्रथम पूर्वप्रवर्धकात, म्हणजे प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये, वाढविला जातो. नंतर मुख्य प्रवर्धक त्याला पुरेसे बळ देतो. अखेरीस त्या प्रवाहाच्या चढउताराप्रमाणे प्रकाशाची तीव्रता किंवा प्रकाशपट्ट्याची रुंदी बदलते आणि फिल्मच्या कडेवर ध्वनीची रेषा उमटते.

या साखळीत सर्वांत नाजूक कडी पहिली असते. समजा, मायक्रोफोनकडून येणारा संकेत एका व्होल्टचा हजारावा भाग आहे आणि तो हजारपट वाढवायचा आहे. पहिल्याच टप्प्यावर त्यात एक दशांश इतकी खरखर मिसळली, तर पुढचे सर्व टप्पे आवाजाबरोबर खरखरही हजारपट वाढवितात. पुढे कितीही महागडा प्रवर्धक जोडला, तरी त्याला मूळ आवाज कोणता आणि खरखर कोणती हे ओळखता येत नाही. म्हणून मर्यादित पैसा कोठे खर्चावा, याचे उत्तर ध्वनितंत्रात बहुधा साखळीच्या आरंभापाशी सापडते.

त्या काळी प्रवर्धनासाठी काचेच्या निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह, वापरीत. टेलिफोनमधील कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन स्वस्त होता, पण त्यात सतत सूक्ष्म खरखर असे. कंडेन्सर मायक्रोफोनचा आवाज स्वच्छ होता; मात्र त्याचा संकेत इतका दुर्बळ असे, की लांब तारेतून नेताना तो वाटेतच क्षीण होई. त्यामुळे त्याचा पूर्वप्रवर्धक मायक्रोफोनच्या अगदी जवळ, बहुधा त्याच्याच पेटीत, बसवावा लागे. अभिनेत्यांच्या डोक्यावर टांगलेल्या या पेट्या जड असत आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत त्या दिसू न देणे हे छायालेखकाचे आणि ध्वनिमुद्रकाचे सामायिक संकट होते.

विद्युतपुरवठ्याचा प्रश्न

प्रवर्धक जेवढा महत्त्वाचा, तेवढाच त्याला मिळणारा विद्युतपुरवठा महत्त्वाचा असतो. प्रवर्धक स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. मायक्रोफोनच्या क्षीण संकेताबरहुकूम तो पुरवठ्यातील ऊर्जेला आकार देतो. पुरवठ्यातच चढउतार असतील, तर ते आवाजात उतरतात. घरगुती वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदाला अनेकदा बदलते. ती नीट गाळून एकदिश केली नाही, तर एक खालच्या पट्टीतील अखंड गुणगुण ऐकू येते. संवादाच्या मधल्या शांततेत ही गुणगुण विशेष बोचते.

यावरचा त्या काळातील भरवशाचा उपाय म्हणजे बॅटरी. नलिकेची तार तापविण्यासाठी शिशाच्या संचायक बॅटऱ्या आणि उच्च दाबासाठी कोरड्या बॅटऱ्यांच्या माळा वापरीत. बॅटरीचा प्रवाह स्वच्छ असतो, परंतु तिची निगा राखावी लागते. संचायक वेळेवर भारित करणे, त्यातील आम्लाची घनता तपासणे, अग्रांवरील क्षार पुसणे ही कामे रोजची असत. त्यात हयगय झाली, तर चित्रीकरणाच्या मध्यावर दाब उतरे आणि आवाज फाटल्यासारखा होई.

पुरवठ्याचा संबंध वेगाशीही होता. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत आणि वेग थोडा कमीजास्त झाला तरी चालून जाई. बोलपटात फिल्मचा वेग सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, असा ठरलेला असतो. मोटारीचा वेग किंचित डळमळला, तरी गाण्यातील स्वर हेलकावतो. चित्रात न जाणवणारी चूक कानाला तत्काळ कळते. रागदारीवर आधारलेल्या गाण्यांच्या मराठी बोलपटात तर ती लपणे अशक्यच होते.

आज घरी उत्तम प्रतीचे संगीत ऐकण्यासाठी यंत्रे निवडणाऱ्या श्रोत्यालाही हेच नियम लागू पडतात. मोठ्या शक्तीच्या प्रवर्धकापेक्षा शांत पूर्वप्रवर्धक आणि स्थिर, गाळीव विद्युतपुरवठा यांवर केलेला माफक खर्च पुष्कळदा अधिक फलदायी ठरतो. त्यातही आधी साखळीतील सर्वांत दुबळी कडी शोधावी आणि मगच खर्च करावा, हे तत्त्व बोलपटाच्या पहिल्या पिढीने अनुभवातून शिकलेले होते.

अयोध्येचा राजा

प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याची हिंदी आवृत्तीही काढण्यात आली. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कलादिग्दर्शन फत्तेलाल यांचे आणि ध्वनिमुद्रण दामले यांचे होते. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत या दोन्ही जबाबदाऱ्या गोविंदराव टेंबे यांच्याकडे होत्या. दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक यांच्याही त्यात भूमिका होत्या.

त्या काळी पार्श्वगायनाची पद्धत रूढ झालेली नव्हती. अभिनय करता करताच नटांना गावे लागे. वादक मंडळी कॅमेऱ्याच्या दृष्टीआड, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसत. गाणारा नट वळला की आवाज दूर जाई. वादक जवळ असला की साज गाण्यावर मात करी. हे सर्व एकाच वेळी, एकाच मुद्रणात साधावे लागे. नंतर दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. शिवाय बाहेरचे आवाज होतेच. ‘आलमआरा’चे पुष्कळसे चित्रीकरण जवळच्या रेल्वेमुळे रात्री करावे लागले होते. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनपर्यंत पोहोचू नये म्हणून त्याला आच्छादन घालावे लागे. आर्क दिव्यांचा सूं सूं असा आवाज मुद्रणात येई, म्हणून बोलपटाच्या काळात तापदीप्त दिव्यांचा वापर वाढला.

नाटकात मोठ्याने बोलण्याची सवय असलेल्या नटांना मायक्रोफोनसाठी आवाज आवरावा लागला, तर शब्दोच्चारांची स्पष्टता पूर्वीपेक्षा अधिक सांभाळावी लागली. ‘अयोध्येचा राजा’ लोकप्रिय झाला आणि प्रभातचे बोलपटयुगातील स्थान निश्चित झाले. हा चित्रपट आज उपलब्ध असून आरंभीच्या मराठी बोलपटांच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा मानला जातो.

याच वर्षी ‘अग्निकंकण’ आणि ‘माया मच्छिंद्र’ हे चित्रपट आले. १९३३ मध्ये ‘सिंहगड’ प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या ‘सैरंध्री’ या चित्रपटासाठी कंपनीने रंगीत चित्रणाचा प्रयोग केला आणि त्याची प्रक्रिया जर्मनीत करवून घेतली. मात्र पडद्यावर दिसलेले रंग समाधानकारक नव्हते. ध्वनीच्या बाबतीत कंपनीने तंत्र आपल्या हाती ठेवले होते आणि त्यात तिला यश आले. रंगाच्या बाबतीत ते परक्या हाती होते आणि त्यावर झालेला खर्च फळाला आला नाही. दोन्ही घटना एकाच काळातील असल्यामुळे त्यांतील विरोध लक्षणीय आहे.

पुण्यातील प्रभात

१९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. शहराच्या पश्चिमेस मोकळ्या माळावर तिचे नवे चित्रपटगृह, म्हणजे स्टुडिओ, उभे राहिले. तेथे जाणारा रस्ता पुढे प्रभात रस्ता म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रशस्त चित्रीकरण दालने, रासायनिक प्रयोगशाळा, संकलन कक्ष, ध्वनिविभाग आणि कलाविभाग हे सर्व एकाच आवारात असणे, हे प्रभातचे वैशिष्ट्य होते. बाहेरचा गोंगाट दूर असलेली जागा ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीनेही सोयीची होती.

‘अमृतमंथन’ (१९३४) हा पुण्यात तयार झालेला पहिला चित्रपट होय. त्यानंतर ‘चंद्रसेना’, ‘धर्मात्मा’ (१९३५) आणि ‘अमरज्योती’ (१९३६) हे चित्रपट आले. दामले यांच्या देखरेखीखाली प्रभातमध्ये ध्वनितंत्रज्ञांची पुढची फळी तयार झाली. नंतरच्या अनेक चित्रपटांवर ध्वनिमुद्रक म्हणून शंकरराव दामले यांचे नाव आढळते. १९३७ च्या ‘कुंकू’ या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून नैसर्गिक आवाजांवर भर दिला. असा प्रयोग करण्यासाठी मुद्रणातील शांतता खरोखरच शांत असावी लागते. ज्या ध्वनिविभागाला हे साधले, त्याचा पाया दामले यांनी घातला होता.

ध्वनिमुद्रकाला केवळ स्टुडिओचा विचार करून भागत नसे. त्याने मुद्रित केलेला आवाज अखेर गावोगावच्या चित्रपटगृहांत ऐकला जाई. तेथे फिल्मच्या कडेवरील ध्वनिरेषेतून गेलेला प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडे, त्यातून निर्माण होणारा क्षीण प्रवाह पुन्हा पूर्वप्रवर्धकातून आणि प्रवर्धकातून जाऊन पडद्यामागील कर्ण्यापर्यंत पोहोचे. ध्वनिरेषेवर प्रकाश टाकणाऱ्या दिव्याला स्थिर एकदिश प्रवाह मिळाला नाही, तर तेथेही गुणगुण सुरू होई. मुंबईच्या आलिशान चित्रपटगृहातील यंत्रणा आणि सोलापूर, सांगली यांसारख्या गावांतील यंत्रणा सारखी असणे शक्य नव्हते. सोलापूरच्या गिरण्यांतील कामगाराला शेवटच्या बाकावरही संवाद समजला पाहिजे, तर तो मुळातच स्वच्छ मुद्रित झालेला असला पाहिजे.

संत तुकाराम

१९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. पटकथा शिवराम वाशीकर यांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट म्हणून परिचित होते, त्यामुळे ही निवड अनेकांना अनपेक्षित वाटली. परंतु त्यांनी ही भूमिका इतकी आत्मसात केली, की पुढे तीच त्यांची ओळख बनली. तुकारामांच्या पत्नीची, जिजाईची, भूमिका गौरी यांनी केली. संसाराचा भार वाहणारी, फटकळ, पण आतून मायाळू अशी ही स्त्री मराठी पडद्यावरील अविस्मरणीय व्यक्तिरेखांपैकी एक आहे.

या चित्रपटात भव्य नेपथ्यापेक्षा देहूच्या साध्या घराला, अंगणाला आणि माणसांना महत्त्व आहे. अभंग हे प्रसंगाला जोडलेले अलंकार नाहीत. बोलणे जेथे संपते तेथून गाणे सहज सुरू होते. भजनातील टाळ, मृदंग आणि मानवी आवाज यांचा तोल राखलेला आहे. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना अनेकांना तुकारामांचाच मूळ अभंग वाटली, इतकी ती त्या वातावरणात मिसळून गेली होती.

मुंबईत एकाच चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेथे सन्मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट होय.

नंतरचे चित्रपट

यानंतर दामले-फत्तेलाल जोडीने ‘गोपालकृष्ण’ (१९३८) दिग्दर्शित केला. प्रभातच्या पहिल्या मूकपटाचाच विषय त्यांनी ध्वनीसह नव्याने मांडला. बालकृष्णाची भूमिका राम मराठे यांनी आणि राधेची भूमिका शांता आपटे यांनी केली. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये शाहू मोडक यांची प्रमुख भूमिका होती. रेड्यामुखी वेद वदविणे, भिंत चालविणे असे चमत्कार दाखविण्यासाठी चित्र आणि ध्वनी या दोन्ही तंत्रांचा कस लागला. ‘संत सखू’ (१९४१) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात राजा नेने यांचाही सहभाग होता; प्रमुख भूमिका हंसा वाडकर यांनी केली.

१९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली. त्यापूर्वी केशवराव धायबर यांनीही कंपनी सोडली होती. मागे राहिलेल्या भागीदारांवर कंपनीचा भार पडला. युद्धकाळात कच्च्या फिल्मची टंचाई होती. अशा परिस्थितीतही ‘रामशास्त्री’ (१९४४) हा प्रभातचा महत्त्वाचा चित्रपट निर्माण झाला. गजानन जागीरदार यांनी त्यात रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका केली.

मृत्यू

५ जुलै १९४५ रोजी पुणे येथे विष्णुपंत दामले यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५२ वर्षांचे होते. त्यांच्यानंतर प्रभातची घडी पूर्ववत बसली नाही आणि पुढील दशकात कंपनीची चित्रपटनिर्मिती थांबली.

मूल्यमापन

दामले यांच्या कारकिर्दीचे तीन टप्पे दिसतात : पडदे रंगविणारा कलावंत, यंत्रांशी झुंजणारा तंत्रज्ञ आणि संतचरित्रे साकारणारा दिग्दर्शक. वरवर पाहता या भिन्न वाटा आहेत. पण त्यांत एक सूत्र आहे. साधने मर्यादित असताना प्रत्येक साधनाचे मर्म जाणून घेणे आणि अनावश्यक ते वगळणे, ही त्यांची वृत्ती तिन्ही टप्प्यांत सारखीच आढळते. कॅमेरा परवडत नव्हता तेव्हा तो घडविण्यात त्यांचा हात होता. ध्वनियंत्रणा अपरिचित होती तेव्हा ती त्यांनी शिकून घेतली. ‘संत तुकाराम’मध्ये त्यांनी भव्यतेऐवजी नेमकेपणा निवडला.

चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शक आणि नट यांची चर्चा जेवढी होते, तेवढी ध्वनिमुद्रकांची होत नाही. चांगले ध्वनिमुद्रण लक्षात येत नाही, वाईट मात्र लगेच येते. गोविंदराव टेंबे, विष्णुपंत पागनीस, शांता आपटे यांचे आवाज आज ऐकू येतात, त्यामागे या अनामिक वाटणाऱ्या परिश्रमांचा मोठा वाटा आहे.

वारसा

प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. ती आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ओळखली जाते. जेथे दामले यांच्या पिढीने गुरूविना ध्वनितंत्र आत्मसात केले, तेथेच आज ध्वनिमुद्रणाचा रीतसर अभ्यासक्रम शिकविला जातो. प्रभातच्या चित्रपटांचे जतन आणि पुनःप्रदर्शन करण्यात दामले यांचे पुत्र अनंतराव दामले यांचा पुढाकार होता. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्यांत प्रभातच्या चित्रपटांचाही समावेश होता. तथापि प्रमुख चित्रपटांच्या प्रती अन्य स्वरूपात उपलब्ध असल्याने ते आजही पाहता आणि ऐकता येतात.

दिग्दर्शित चित्रपट

महारथी कर्ण (१९२८, मूकपट, फत्तेलाल यांच्यासह)
संत तुकाराम (१९३६; फत्तेलाल यांच्यासह)
गोपालकृष्ण (१९३८, फत्तेलाल यांच्यासह)
संत ज्ञानेश्वर (१९४०, फत्तेलाल यांच्यासह)
संत सखू (१९४१, फत्तेलाल व राजा नेने यांच्यासह)